रुआनच्या नावाने

कोव्हेंट्रीत कोलम टार्पीला मागून कुणी त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली असती, तर तो वळला नसता. मारणारं कुणी नव्हतंच म्हणा. पाच वर्षं त्या गावात सगळे त्याला डॉमिनिक रुआन म्हणून ओळखत होते. घरमालकीण मिसेस ब्रॉफी, कामावरची माणसं, चर्चचे फादर हेनेगन, आणि रविवारी मैदानाच्या कडेला उभे राहून घसा फोडणारे दोनतीनशे लोक. एका दुपारपुरतं उसनं घेतलेलं नाव ते. अंगाला चिकटून बसलं.

कोलम आयर्लंडातल्या मेयोकडचा. किलकॉनर नावाच्या वस्तीत बापाची सात एकर पाणथळ जमीन होती. जमीन थोरल्याला आणि बोट धाकट्याला, ही तिकडची वाटणीची रीत. त्याप्रमाणे १९५३च्या मार्चमध्ये, एकविसाव्या वर्षी, कोलम इंग्लंडच्या बोटीत चढला. बाप मार्टिन टार्पी तरुणपणी जिल्ह्याकडून गेलिक फुटबॉल, म्हणजे चेंडू हातानेही झेलायचा आयरिश खेळ, खेळलेला. चेंडू झेलताना उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती, ती वाकडीच बसली होती, आणि म्हातारा ती आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचा. निरोप देताना तो पोराला म्हणाला, "जेवणाची आबाळ करू नको आणि खेळ सोडू नको. पेपरात नाव आलं तर मला कळलं पाहिजे."

कोव्हेंट्रीत त्याला काम दिलं बार्टली केव्हनीने. बार्टली मुकादम होता. बॉम्बने उद्ध्वस्त झालेलं ते गाव पुन्हा उभं राहत होतं, आणि नळासाठी, तारांसाठी चर खणायला बार्टलीकडे चाळीस आयरिश माणसं होती. बैलासारखी मान, दारूचा थेंब वर्ज्य, मूलबाळ नाही. वेड एकच, क्लबचं. सेंट ब्रेकन गेलिक फुटबॉल क्लब त्याने मागच्याच हिवाळ्यात काढला होता. बाकी सगळे नामांकित संत इतर क्लबांनी पटकावले होते, म्हणून ब्रेकन. मैदान म्हणजे गावाबाहेरच्या एका गवळ्याचं कुरण. रविवारी चर्चमधली मासची प्रार्थना उरकली की गाई हाकलायच्या, फावड्याने शेण उचलायचं, आणि परांचीचे लोखंडी पाइप रोवून गोलाचे खांब उभे करायचे. पंधरा जर्सींपैकी दोन तर मिसेस ब्रॉफींनी जुन्या पडद्याच्या शिवलेल्या होत्या.

पहिल्या स्पर्धेचा पहिला सामना बर्मिंगहॅमच्या संघाशी होता. त्या दिवशी चौदाच माणसं जमली.

"टार्पी," बार्टली म्हणाला, "बूट आणलेस ना? चढव."

"पण माझी नोंदणी कुठे झालीय? गावाकडून कागद यायला दीड महिना लागेल, तुम्हीच म्हणालात."

"रुआनची झालीय. डॉमिनिक रुआन. दोन महिने माझ्याकडे होता, फॉर्मवर सही केली आणि उत्तरेकडे बोगद्याच्या कामावर पळाला. त्याचा पत्ता नाही की पत्र नाही. आजच्या दिवस तू रुआन."

"आणि कुणी विचारलं तर?"

"तुला बोलायला नाही बोलावलं. चेंडू झेलायला बोलावलंय."

कोलमने चेंडू झेलले. तो फार उंच नव्हता, पण त्याची उडी विलक्षण होती. गर्दीतून वर जायचा, चेंडू छातीशी धरूनच खाली यायचा, आणि पाय जमिनीला लागायच्या आत कुठे मारायचं ते त्याचं ठरलेलं असायचं. या खेळात चेंडू आडव्या दांडीवरून गेला की एक गुण, खालून जाळ्यात गेला की तीन. कोलमने एकट्याने सात वेळा दांडीवरून मारला. सेंट ब्रेकन जिंकले. माणसांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि शेणाचिखलातून नाचवलं. इंग्लंडात आल्यापासून इतका आनंद त्याला झाला नव्हता.

पुढच्या गुरुवारी आयरिश साप्ताहिकात चार ओळी छापून आल्या. 'डी. रुआन याचा खेळ पाहण्यासारखा होता.'

कोलम पेपर घेऊन बार्टलीकडे गेला. "आता माझी नोंदणी करा. पुढचा सामना मी माझ्या नावाने खेळतो."

"आणि लोक विचारतील रुआन कुठे गेला, हा टार्पी त्याच्यासारखा कसा दिसतो! तक्रार झाली तर सामना गेला आणि क्लबवर दोन वर्षं बंदी. नवा क्लब दोन वर्षं बंद राहिला की मेला. हा हंगाम काढ रे बाबा. हंगाम संपला की बघू."

बार्टलीने आणखी एक गोष्ट केली. रुआनचं सरकारी विम्याचं कार्ड, ज्यावर कामाचे शिक्के पडत, बार्टलीच्याच खणात राहिलं होतं. कोलमला त्याने त्या कार्डावर कामाला लावलं. "रविवारी एक नाव, सोमवारी दुसरं, असं केलंस तर तूच कुठेतरी फसशील," तो म्हणाला. मिसेस ब्रॉफी बार्टलीची मेहुणी. त्यांनाही नवा भाडेकरू रुआन म्हणूनच सांगितला होता. म्हणून कोलमची घरची पत्रं बार्टलीच्या पत्त्यावर यायची. बार्टली ती कोटाच्या खिशातून आणायचा आणि चराच्या काठावर उभा राहून खाली कोलमच्या हातात द्यायचा. पाकिटं फोडलेली नसत, तेवढा तो सरळ होता. पण कोलमचं घर आता बार्टलीच्या खिशात राहत होतं.

हंगाम संपला, दुसरा सुरू झाला. सेंट ब्रेकनने चषक जिंकला. कुरणात पत्र्याची खोली आली, खरे खांब आले. दर वेळी कोलम विचारायचा आणि दर वेळी बार्टलीकडे पुढची तारीख तयार असायची. आता उपांत्य फेरी आहे. आता फादरसाहेब नवी घंटा आणायला मदत मागतायत, त्यासाठी सामना आहे. आता नको.

बापाला कोलम काय लिहिणार? खरं लिहिलं तर म्हातारा ते बाजारात बोलल्याशिवाय राहिला नसता. म्हणून पहिल्या पत्रात त्याने लिहिलं, काम जड आहे, सध्या खेळत नाही. बापाचं उत्तर आलं. साप्ताहिक त्यांच्याकडे पोस्टमास्तरकडून फिरत यायचं. 'तुमच्या गावात एक रुआन म्हणून आहे. पेपरवाला म्हणतो तो हवेतच चेंडू धरतो. तू त्याला पाहिलंस का? तुला जमत नसेल तर निदान जाऊन बघत जा. चांगला खेळ बघून माणूस शिकतो.'

कोलमने ते चरात उभं राहून वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. मग त्याने लिहिलं, हो, ओळखतो. चांगला माणूस आहे. आणि म्हाताऱ्याला शंका येऊ नये म्हणून वर घातलं, उंच आहे, सव्वासहा फूट, काळ्या केसांचा. कोलमचे केस गव्हाळ. त्यानंतर प्रत्येक पत्रात बाप रुआनची चौकशी करायचा. पाय बरा आहे का त्याचा? अंतिम सामन्यात डाव्या पायाने मारलेला तो गुण किती लांबून होता? कोलम सगळं खुलासेवार लिहायचा. आपल्याच खेळाचं कौतुक दुसऱ्याच्या नावावर मांडायचा.

तिसऱ्या वर्षी, मे महिन्यातल्या एका रविवारी, मैदानाच्या फाटकाशी एक बाई आली. तपकिरी कोट, हातात लहान बॅग, वय तिशीचं. तिने फाटकावरच्या माणसाला विचारलं, "डॉमिनिक रुआन आज खेळणार आहे का?"

त्याने बार्टलीला बोलावलं. तिने सांगितलं, मी डेलिया रुआन, त्याची बायको. बार्टलीने टोपी काढली. "बाई, तो आज आला नाही. पाय दुखावलाय. तुम्ही पत्ता ठेवून जा."

पण तेवढ्यात मैदानातून समोरच्या संघाचे लोक ओरडले, "रुआनला धरा! अरे रुआन मोकळा आहे!" डेलियाने तिकडे पाहिलं. गव्हाळ केसांचा एक पोरगा सगळ्यांच्या डोक्यावरून उठला आणि चेंडू घेऊन खाली आला. तिने तमाशा केला नाही. गवताच्या उंचवट्यावर बॅग मांडीवर घेऊन बसली आणि शेवटची शिटी होईपर्यंत पाहत राहिली. मग तोंड पुसत येणाऱ्या कोलमसमोर उभी राहिली.

"तू डॉमिनिक रुआन का?"

कोलमने मागे वळून बार्टलीकडे पाहिलं.

"चल," ती म्हणाली, "मला कुठेतरी चहा पाज. रात्रभर बोटीत उभी होते."

बस-स्थानकाजवळच्या चहाच्या दुकानात त्याने तिला सगळं सांगितलं. ती पावाला लोणी लावत ऐकत होती. चाकू थांबला नाही.

"म्हणजे तो कुठे आहे, तुला ठाऊक नाही."

"नाही. मी त्याला कधी पाहिलंही नाही."

"दोन वर्षं त्याचं पत्र नाही. मग पेपरात नाव आलं. मला वाटलं, जिवंत आहे. खेळतोय, उड्या मारतोय, फक्त आम्हाला विसरलाय. गुडघा दुखावल्याचं पेपरात वाचून त्याच्यासाठी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती रे. तुझ्या गुडघ्याला लागली ती."

"मी आजपासून खेळणं थांबवतो, बाई. देवाशपथ."

बाहेर बस लागली, तशी ती बॅग उचलून उठली आणि दारातच वळली. "थांबवू नकोस."

"काय?"

"गावात मला टाकलेली बाई म्हणायला सुरुवात झाली होती. तुझं नाव छापून आलं तसं बंद झालं. आता म्हणतात, डेलियाचा नवरा नसेल लिहीत, पण तिकडे मोठा खेळाडू आहे. पोरांनी कात्रणं भिंतीला लावलीत. मास्तर वर्गात वाचून दाखवतात. मी आत्ता परत जाऊन त्यांना काय सांगू? तो नाहीच म्हणून?" तिने बॅग या हातातून त्या हातात घेतली. "तिघांत मोठा नऊ वर्षांचा आहे. थोडी वर्षं जाऊ दे. खेळ तू."

बस गेली. कोलम फलाटावर उभा राहिला. इतके दिवस बार्टलीने दाराला कडी लावली होती, पण ती आपण कधीतरी तोडू असं त्याला वाटायचं. आता त्याच दाराला बाहेरून तीन पोरं टेकून बसली होती.

त्यात मिसेस ब्रॉफींच्या शेजारणीने दोघांना चहाच्या दुकानात पाहिलं. आठवड्याभरात सगळ्या आयरिश वस्तीत झालं, रुआनची बायको गावाहून आली होती, रडत गेली, आणि हा हरामखोर तिला बसमध्ये बसवून मोकळा झाला. मिसेस ब्रॉफी ताट आपटून वाढू लागल्या. "घरी लेकरं उपाशी आणि हा इथे चेंडू लाथाडतोय," त्या भिंतीला सांगायच्या. फादर हेनेगन एकदा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, विवाह हा संस्कार आहे." कोलमने मान खाली घालून ऐकून घेतलं. बोलायला गेलं तर क्लब बुडतो, नाही बोललं तर आपण बुडतो, आणि कसंही केलं तरी डेलियाच्या घराची भिंत उघडी पडते.

त्या उन्हाळ्यात तो घरी गेला. बापाबरोबर दलदलीत, जळणासाठी कापलेल्या पीट मातीच्या विटा वाळायला उलटायला गेला असताना त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "बाबा, रुआन म्हणजे मीच. मी त्याच्या नावाने खेळतो."

म्हाताऱ्याने कंबर सरळ केली.

"तूच लिहिलंस ना मला? सव्वासहा फूट, काळे केस?"

"ते मी उगाच लिहिलं होतं."

"कोलम," बाप हळू आवाजात म्हणाला, रागाने बोलला असता तर बरं झालं असतं, "तू खेळ सोडलास त्याचं मला वाईट वाटलं, पण मी कधी बोललो नाही. सगळ्यांना जमतं असं नाही. पण दुसऱ्याचा कोट घालून मिरवू नये माणसाने. तोही मित्राचा."

"एक चेंडू आणा, दाखवतो तुम्हाला."

"काम कर," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा वाकला.

पुढच्या जानेवारीत बाप न्युमोनियाने गेला. तार बार्टलीच्या घरी आली, बार्टली तेव्हा दुसऱ्या गावी कामावर होता, आणि ती दीड दिवस पडून राहिली. कोलम पोचला तेव्हा शवपेटी बंद झाली होती. दफनानंतर शेजारीपाजारी व्हिस्की घेऊन चुलीपाशी बसले. त्यातला एकजण म्हणाला, "तुझा तो मित्र रुआन नाही आला? मार्टिनला फार भेटायचं होतं त्याला. शेवटच्या आठवड्यातही त्याचंच बोलत होता." कोलम उठून गोठ्यात गेला आणि गाईच्या पाठीवर कपाळ टेकून उभा राहिला.

परत आल्यावरही तो खेळत राहिला, कारण न खेळण्याचा निर्णय घ्यायलासुद्धा आतून काहीतरी लागतं. खेळ मात्र पहिल्यापेक्षा बरा होऊ लागला. रागाने उडी उंच जाते.

सबीना कॉन्ली त्याला चर्चच्या सभागृहातल्या नाचात भेटली. आयर्लंडातल्याच रॉसकॉमनची, इस्पितळात वॉर्डात काम करणारी, जिभेला तिखट. तीन महिने दोघं फिरले. मग एक दिवस ती नदीकाठच्या बाकावर येऊन दूर बसली.

"मिसेस ब्रॉफी म्हणतात तुला बायको आहे."

"मला नाही. रुआनला आहे."

"मग तू कोण?"

त्याने सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "तरीच. नाचाच्या वेळी कुणी रुआन म्हणून हाक मारली की तू एक क्षण उशिरा वळतोस. मला वाटलं बहिरा आहेस."

आई-बापानेही ठेवला नसेल इतका पटकन विश्वास तिने ठेवला. कोलमला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही.

"हे बघ," सबीना म्हणाली, "रडून नंतर घे. मी टार्पीशी लग्न करीन. रुआनशी करणार नाही, आणि फादर करूही देणार नाहीत. बाप्तिस्म्याचा दाखला मागव आणि काय ते निस्तर."

"क्लब बुडेल."

"क्लबला पोहता येत नसेल तर मी काय करू?"

तो बार्टलीकडे गेला. बार्टली मैदानावर चुन्याने रेघा मारत होता. सगळं ऐकून त्याने डबा खाली ठेवला. "तीन आठवड्यांनी अंतिम सामना आहे. तेवढा खेळ."

"पाच वर्षांपूर्वी एक दुपार म्हणाला होतात."

"अरे, हे सगळं कुणासाठी केलं मी? ही पोरं दिवसभर चरात असतात. रविवारी दोन तास माणसात येतात. तू हे मोडणार?" बार्टलीचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं. त्यामुळेच कोलमला जास्त अवघड गेलं.

आधी त्याने डेलियाला पत्र लिहिलं. चार ओळींचं, चार दिवस लागले. तिचं उत्तर सबीनाच्या पत्त्यावर आलं. 'मी मुलांना बसवून सांगितलं. धाकटी दोघं रडली. मोठा म्हणाला, आई, मला माहीत होतं, बाबांना कुंपणापलीकडे दगडसुद्धा मारता येत नव्हता. कात्रणं त्यानेच कधीपासून काढून ठेवली आहेत. गावाचं मी बघेन. तू लग्न कर.'

शनिवारी दुपारी खेळाच्या जिल्हा समितीची सभा होती. कोलम उभा राहिला, स्वतःचं नाव सांगितलं, आणि पहिल्या सामन्यापासूनचं सगळं सांगितलं. सभा दोन तास चालली. निकाल लागला तो असा. सेंट ब्रेकनचे दोन चषक काढून घेतले, क्लबवर एक वर्ष आणि कोलमवर दोन वर्षं बंदी.

सोमवारी तो कामावर गेला तेव्हा बार्टली यादी वाचत होता. वाचून झाली. त्यात टार्पी नव्हता.

"माझं नाव?"

"कोण आपण?" बार्टली म्हणाला. "टार्पी नावाचा माणूस माझ्याकडे कधीच नव्हता."

कागदावर ते खरंच होतं. पाच वर्षांचे सगळे विम्याचे शिक्के रुआनच्या कार्डावर. इंग्रज सरकारच्या लेखी कोलम टार्पी नुकताच बोटीतून उतरला होता. सोबतच्या पोरांनी माना फिरवल्या. दोघांनी रस्त्यात थुंकून दाखवलं. आयरिश मुकादमांपैकी कुणी त्याला उभं करेना. शेवटी मोटारीच्या एका कारखान्यात झाडूवाला म्हणून लागला, तिथे सगळे इंग्रज होते आणि या खेळाचं नावही कुणाला माहीत नव्हतं. लग्नाला फादर हेनेगन धरून नऊ माणसं होती. मिसेस ब्रॉफी मात्र आल्या, केक घेऊन. "तीन वर्षं मी नको नको ते बोलले," त्या म्हणाल्या. "तोंड उघडायचं होतंस रे मेल्या."

क्लब मेला नाही. वर्षभर बंद राहिला, निम्मी माणसं इतरत्र गेली, आणि मग नव्या पोरांनी नवी समिती करून तो पुन्हा उभा केला. बार्टली त्यात नव्हता. तो मैदानाकडे फिरकला नाही, आणि कोलमशी मरेपर्यंत बोलला नाही. खरा रुआन कुठे गेला ते डेलियाला कधीच कळलं नाही.

१९६०च्या एप्रिलमध्ये कोलमने अर्ज भरला. गावाकडून कागद दीड महिन्याने आले. अठ्ठावीस वर्षांचा झाला होता, डावा गुडघा सुजायचा. त्याला दुसऱ्या संघात घेतलं, मागच्या फळीत. प्रेक्षक अकरा, त्यात ढकलगाडी घेऊन सबीना. पहिलाच उंच चेंडू आला, तो उडाला, आणि चेंडू त्याच्या बोटांतून निसटून मागे जाळ्यात गेला.

"टार्पी, लेका, हात घरी विसरलास का?" कडेचा कुणीतरी ओरडला.

कोलम त्याच क्षणी वळला. सामना सेंट ब्रेकनने नऊ गुणांनी गमावला.